चौदा लोखंडी पायऱ्या

धरणगावच्या बाजारात बेबाबाईला नावाने कुणी ओळखत नसे. 'आफ्रिकेवाली' म्हटलं की शेंबडं पोरही तिचं घर दाखवी. बायका तिला तिकडच्या वाघ-सिंहांचं विचारत, तांबड्या मातीत कापूस कसा येतो ते विचारत. तेवढं ती सांगे. जहाजाचं कुणी काढलं की मात्र पदर सावरून उठे आणि म्हणे, "चुलीवर दूध ठेवेल शे." चुलीवर दूध नसे, हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक असायचं.

तिचा जन्म अमळनेरजवळच्या एका खेड्यातला. पुराची तापी हेच तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती धरणगावात आली. नवरा पितांबर हा रुपचंद शेठच्या जिनमध्ये फिटर होता. सरकी काढणाऱ्या चरख्यांची त्याला इतकी सवय, की बारा यंत्रं एकदम चालत असली तरी कुठलं अडखळतंय ते तो दारातूनच सांगे. शेठचा त्याच्यावर जीव होता. म्हणूनच एकोणीसशे सव्वीस साली शेठने आपल्या मेहुण्याच्या भागीत युगांडात जिन घेतली, तेव्हा पहिलं बोलावणं पितांबरला आलं.

बेबाबाईने ऐकलं आणि हट्टच धरला. "तुम्ही जाशात तं आमी अठे कोनकडे दखसूत?" मागे राहिल्या असत्या त्या दोघीच, ती आणि चार वर्षांची लेक मंदा. सासू-सासरे कधीच गेले होते.

शेठलाही ते सोयीचं पडलं. त्याची दुसरेपणाची बायको चंचळबाई एकोणीस वर्षांची होती. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना, आणि माहेरी आई नाही. तिला इथे ठेवायची कुणाच्या भरवशावर? शेठ म्हणाला, "बेबाबाई, तुम्ही हिच्या सोबतीला चला. घरचं माणूस बरोबर असलं की मला घोर नाही." बेबाबाईला बरं वाटलं. घरचं माणूस म्हणाला शेठ.

मुंबईच्या गोदीत उतरल्यावर कळलं की तिकिटं दोन तऱ्हेची आहेत. शेठ-शेठाणीचं दुसऱ्या वर्गाचं, त्यांच्याबरोबर नोकर म्हणून बेबाबाईचं. पितांबर आणि मंदा डेकवर.

"पोर माझ्याजवळ राहील ना, शेठ?" तिने विचारलं.

शेठने गोऱ्या कारकुनाकडे जाऊन विचारलं आणि मान हलवत परत आला. "नोकराच्या तिकिटावर मूल चालत नाही म्हणतात. वरच्या वर्गात नोकरांची मुलं नकोत, असा नियम आहे. दहा-बारा दिवसांची तर गोष्ट, बाई. एकाच जहाजात तर आहात!"

एकाच जहाजात. पितांबरलाही ते पटलं. त्याने मंदाला खांद्यावर घेतलं, पिठा-डाळीचं गाठोडं दुसऱ्या हातात धरलं आणि तो डेकवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहत होते, गाठोडी सोडून कपडे वाफेत घालत होते. शेठ-शेठाणीपुढे डॉक्टरने नुसती टोपी काढली. शेठाणीच्या मागे पानदान घेऊन उभ्या असलेल्या बेबाबाईकडे तर त्याने पाहिलंही नाही. ती तशीच वर चढली.

जहाजावर तिला हळूहळू जागा कळू लागली. दुसऱ्या वर्गाच्या खोल्यांमागे एक उघडा सज्जा होता, त्याला पांढरा रंग दिलेला लोखंडी कठडा. कठड्यावरून वाकलं की खाली मागचा डेक. तिथे उघड्यावर चारेकशे माणसं सतरंज्या टाकून पडलेली. त्यातच त्यांच्या पेट्या, मडकी, कोंबड्यांच्या पाट्या आणि रडणारी पोरं. एका कडेला चुलींची रांग. उन्हं चढली की वर ताडपत्री ओढत, मग कठड्यावरून फक्त राखी कापड दिसे. पहाटे खलाशी नळ्यांनी डेक धूत, तेव्हा ताडपत्री गुंडाळलेली असे आणि सगळे आपापली बिछायत उचलून कडेला उभे राहत. तेवढा अर्धा तास बेबाबाईचा.

सज्ज्यातून खाली चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता. पहिल्या दिवशीच तिने त्या मोजल्या होत्या. वरच्या टोकाला साखळी, साखळीला इंग्रजी पाटी आणि स्टुलावर एक खलाशी.

चंचळबाई वाईट नव्हती. जहाज हललं त्या क्षणापासून तिला उलट्या सुरू झाल्या आणि तिने बेबाबाईचा हात जो धरला तो सोडलाच नाही. तोंडात लिंबाची फोड धरून ती पडून असे. घरून आणलेल्या खाकऱ्याचा तुकडाही पोटात ठरत नसे. "बेबाबाई, मी मरते का हो?" असं ती दिवसातून दहादा विचारी. बेबाबाई तिचे तळवे चोळी, पोटावरून हात फिरवी. आत बाळ हले. अशा पोरीवर रागवायचं तरी कसं?

तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. सज्ज्यात वरच्या वर्गाचे लोक जमले होते, त्यात पहिल्या वर्गातल्या काही मडमा आणि त्यांची मुलं होती. खालची ताडपत्री अर्धी सरकवलेली. एका मडमेने बिस्किटांचा डबा आणला आणि एकेक बिस्किट खाली टाकायला सुरुवात केली. खालची पोरं झेपावली. एकावर एक पडत, ढकलत, ओरडत होती. वर हशा पिकला. त्या झुंबडीत बेबाबाईला मंदाचा लाल परकर दिसला. मंदाने एक बिस्किट पटकावलं, मूठ वर केली आणि आईला पाहून आनंदाने किंचाळली, "माय! दख, माले भेटनं!"

मडमेने वळून पाहिलं, कुणाला हाक मारते ही म्हणून. बेबाबाईने नजर समुद्राकडे वळवली. पुढे आयुष्यभर तिला त्या एका वळवलेल्या नजरेची शरम वाटत राहिली. लगेचच तिने परत खाली पाहिलं होतं, पण तोवर मंदा गर्दीत दिसेनाशी झाली होती.

सहाव्या दिवशी पहाटे डेक धुताना पितांबर दिसला, मंदा दिसली नाही. बेबाबाईने खुणेने विचारलं. पितांबरने कपाळाला हात लावून दाखवला. ताप. वाऱ्यात शब्द पोचत नव्हते. मग ताडपत्री ओढली गेली.

दुपारी खलाशांचा सारंग सज्ज्यात आला. रत्नागिरीकडचा म्हातारा मुसलमान, पांढरी दाढी, मराठी बोलणारा. बेबाबाईने त्याला गाठलं.

"बाय, तुझी पोर एकटी नाही," तो म्हणाला. "खाली पंधरा-वीस पोरांना गोवर निघालाय. दोन पोरांचं तर काय खरं नाही. आता कप्तानसाहेबाने हुकूम काढला, खालचं कुणी वर यायचं नाही, वरचं कुणी खाली जायचं नाही."

ती धावत शेठकडे गेली. शेठ जेवणाच्या दालनाबाहेर खुर्चीवर बसला होता. त्याने ऐकून घेतलं, पगडी नीट केली आणि खरोखरच उठून साहेबाकडे गेला. परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

"खाली जाऊ देतात," तो म्हणाला. "पण गेलात की मोंबासापर्यंत खालीच. वर परत नाही. हिला आठवा संपत आलाय, बेबाबाई. काल रात्रीपासून हिच्या कमरेत कळा येतात. डॉक्टर म्हणाला, गोवर हिला लागला तर बाळ हाती लागणार नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

पोटुशीला गोवर म्हणजे काय, हे बेबाबाईलाही माहीत होतं. तिच्या स्वतःच्या नणंदेचं तसंच झालं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या दालनात वाद पेटला. शेठाणीसाठी ताकाची वाटी आणायला गेलेली बेबाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. नैरोबीत वकिली करणारा एक तरुण हिंदी गृहस्थ मोठ्याने बोलत होता, "हा डेकचा वर्गच बंद झाला पाहिजे. माणसं आहेत ती, कापसाच्या गासड्या नाहीत! पंख्याखाली बसून आपण सूप पितो, आणि खाली पोरं उन्हात मरतायत. जहाजावर सगळ्यांना सारखी जागा हवी."

शेठ म्हणाला, "तुमचं खरं, वकीलसाहेब. पण समजा आज सगळे एकत्र असते, तर हा गोवर आपल्या सगळ्यांच्या खोल्यांत नसता का आला? माझी बायको गरोदर आहे. ती साखळी आहे म्हणून ती वाचलीय."

"खाली गर्दी कोंबली म्हणून तर रोग झाला!"

"झाला तो झाला. आता साखळी काढू म्हणता का?"

वकिलाने सुपाचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "आता नाही म्हणत."

तो बाहेर आला तेव्हा बेबाबाईने त्याचे पाय धरले. तिच्या मुलीचं नाव सांगितलं, लाल परकर सांगितला, एवढंच पाहून सांगा म्हणाली. वकिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मलाही जाऊ देत नाहीत. मोंबासाला उतरलो की वर्तमानपत्रात सगळं लिहितो, शब्द देतो तुम्हाला." त्याने ते लिहिलंही असेल. बेबाबाईला वाचता येत नव्हतं.

उरला डॉक्टर. तो रोज एकदा तोंडाला फडकं बांधून खाली जायचा. सारंगाने मध्ये बोलून तिचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचवलं. डॉक्टर थकलेला होता, चिडला नाही. सारंगाने त्याचं उत्तर मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतो, खाली शंभरावर पोरं आहेत, जी आजारी त्या सगळ्यांच्या अंगावर सारखे पुरळ. तुझी कोणती ते त्याला कसं कळणार? सगळ्यांना औषध देतो म्हणतो."

आठव्या दिवशी तिच्याने राहवेना. चंचळबाईचा डोळा लागला होता. बेबाबाई उठली, लुगड्याचा ओचा खोवला आणि थेट जिन्याशी गेली. खलाशी काही बोलायच्या आत ती साखळीखालून वाकून पुढे निघाली आणि चार पायऱ्या उतरली. खलाशी ओरडला. त्या ओरडण्याने खालची ताडपत्री एका कडेने उचलली गेली आणि पितांबर दिसला. दाढी वाढलेली, मांडीवर धोतरात गुंडाळलेली मंदा.

"मंदानी माय, येऊ नको!" तो ओरडला. "अठे बठ्ठास्ना पोरे आजारी शेतस!"

"पानी दिधं का तिले?"

"दिधं. मी शे ना पोरजोडे. तू खाले उनी तं शेठाणीकडे कोन दखी? तिना पोटमा जीव शे!"

"तिले मनाकडे फिरावा. माले तिनं तोंड दखू द्या."

पितांबरने मंदाला उचलून तिचं तोंड वर केलं. तोंड सुजलेलं, डोळे चिकटलेले. कानाशी कापसाचा बोळा. बेबाबाईने हाक मारली. पोरीने डोळे उघडले नाहीत. बेबाबाईचा पाय पुढच्या पायरीवर पडला. तेवढ्यात मागून चंचळबाईची किंकाळी आली, "बेबाबाई! कुठे गेलात हो? बेबाबाई!" ती भिंतीला धरून दारापर्यंत आली होती, दोन्ही हात पोटाशी.

किती वेळ ती त्या चौथ्या पायरीवर उभी होती, ते तिला कधीच सांगता आलं नाही. वर एकजण रडत होती, खाली एकजण रडतही नव्हती. नवरा हाताने 'जा, जा' करत होता. शेवटी सारंगाने येऊन तिचा दंड धरला. "बाय, मी तुला ढकलत नाही. पण आत्ताच ठरव. वर की खाली?"

ती वर आली. आपण ठरवून वर आलो की सारंगाने ओढलं म्हणून आलो, हेही तिला पुढे नीट आठवत नसे.

मोंबासा आलं तेव्हा खालची तीन मुलं दगावून समुद्रात गेली होती. मंदा त्यांत नव्हती. पहिल्या-दुसऱ्या वर्गाला लगेच उतरवलं. डेकवाल्यांना होड्यांतून बंदरापासून दूर, कुंपण घातलेल्या एका तळावर नेलं, पंधरा दिवस तिथेच ठेवायचं म्हणून. बेबाबाई धक्क्यावर उभी राहून होड्या मोजत होती. कोणत्या होडीत कोण, ते लांबून दिसत नव्हतं. शेठने तिला गाडीत बसवलं. दोन दिवस आगगाडी, मग आणखी प्रवास. रस्ताभर ती खिडकीशी बसून होती आणि चंचळबाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

तीन आठवड्यांनी चंचळबाईला मुलगा झाला. धडधाकट, टपोऱ्या डोळ्यांचा. शालिग्राम नाव ठेवलं. पहिलं पाणी बेबाबाईनेच घातलं. शेठ तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला, म्हणाला, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत." ते खरंही होतं. तिच्यामुळेच ते पोर जगलं, असं डॉक्टरही म्हणाला होता.

मोंबासा सोडल्याला महिना झाला तेव्हा पितांबर आणि मंदा आले. स्टेशनावर बेबाबाईने लांबूनच लाल परकर ओळखला. "मंदे, वं मंदे! मी उनी ना, दख!"

मंदा पाठमोरी उभी होती, इंजिनाकडे पाहत. वळली नाही. बेबाबाईने पुढे होऊन तिला छातीशी घेतलं, तेव्हा पोर दचकली, आईकडे पाहिलं आणि अंग चोरून राहिली. रुसलीय, बेबाबाईच्या मनात आलं. रुसू दे, रुसायचा तिला हक्क आहे.

दोन दिवस ती लेकीची समजूत काढत राहिली. केस विंचरताना बोलत राहिली, जेवताना बोलत राहिली. मंदा तोंडाकडे पाही आणि गप्प. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बेबाबाईच्या हातून पितळी परात फरशीवर पडली. पाळण्यातला शालिग्राम टाहो फोडून उठला. परातीपासून दोन हातांवर मंदा भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत होती. तिने मानही वर केली नाही.

बेबाबाई हळूच तिच्या मागे गेली आणि टाळी वाजवली. मग आणखी जोराने.

संध्याकाळी पितांबर जिनमधून आला, तो तिचं तोंड पाहूनच ओट्यावर बसला. "तिले आयकू येत नही," तो म्हणाला. "कान वाहता ना तिना. माले तठेच समजनं. तुले कसं सांगू, तेच समजेना."

कंपालापर्यंत नेऊन दाखवलं. मिशनच्या डॉक्टरने कानात नळी घालून पाहिली, पडदे गेले म्हणाला. आधी स्वच्छ धुतले असते तर कदाचित, असं म्हणून त्याने नळी पुसून ठेवली. शेठने खर्चाला मागेपुढे पाहिलं नाही. चंचळबाईने तर नवस बोलले. कुणावर ओरडायचं तर समोर कुणी तसा माणूसच सापडेना. साहेबाने नियम पाळला होता. डॉक्टरने औषध दिलं होतं. सारंगाने ढकललं नव्हतं. पितांबरने पोर मांडीवरून खाली ठेवली नव्हती. बेबाबाई मग स्वतःवरच ओरडे, मनातल्या मनात, भाकरी थापताना.

अकरा वर्षं ते तिकडे राहिले. होते-नव्हते ते शब्द मंदाच्या तोंडून हळूहळू गळून गेले. 'माय' तेवढा बरेच दिवस राहिला, मग तोही वेडावाकडा झाला. शालिग्राम मात्र तिच्या मागे मागे वाढला. दोघांनी हातांची आपली एक बोली तयार केली. पाऊस, सरकी, आंबा, कुत्रं, 'शेठ रागावलाय', सगळ्याला खुणा. त्या पोराचा द्वेष करावा असं बेबाबाईला कितीदा वाटलं. पण तो येऊन तिच्याच पदराला तोंड पुसायचा.

पितांबरच्या छातीत कापसाची धूळ बसली, तेव्हा सदतीस साली ते परतले. शेठने स्वतःहून तिघांची दुसऱ्या वर्गाची तिकिटं काढायला माणूस धाडला. बेबाबाईने हात जोडून नको म्हटलं. "आमी तिघे एकाच जागावर ऱ्हासूत, शेठ. खाले ऱ्हासूत." पितांबरचा खोकला पाहता वर बरं झालं असतं. उघड्या डेकवर वारा त्याला बाधला आणि धरणगावात आल्यावर तो दोनच वर्षं जगला. त्याबद्दलही तिला पुढे वाटत राहिलं की आपण चुकलो. वर राहून चुकलो आणि खाली राहूनही.

मंदाचं लग्न जमायला वेळ लागला. शेवटी जळगावजवळच्या पिंप्राळ्यातला हिलाल म्हणून बिजवर तयार झाला. मळा होता त्याचा, माणूस शांत. कमी बोलणाऱ्या घरात मंदाचं बरं चाललं. पितांबर गेल्यावर बेबाबाईही तिथे राहायला गेली. मंदाला दोन मुलं झाली, दोन्ही चांगली ऐकणारी. ती पाळण्यात रडली की बेबाबाई मंदाच्या खांद्याला हात लावी.

सेहेचाळीस सालची गोष्ट. मंदाच्या धाकट्याला गोवर निघाला. सात दिवस मंदा त्याच्या अंथरुणावरून हलली नाही. ताप उतरला तेव्हा तिने पहिलं काय केलं, तर पोराच्या कानामागे चुटकी वाजवली. पोराने मान वळवली. मंदाने दुसऱ्या कानामागेही वाजवून पाहिली. मग आईकडे वळून हातांनी विचारलं. स्वतःच्या कानाला हात लावला, मग पोराच्या अंगावरच्या डागांना, मग आईकडे बोट केलं. मला झालं तेव्हा तू कुठे होतीस?

बेबाबाईला जहाजाची खूण येत होती. दोन्ही तळवे जुळवून हलवायचे. ती तिने केली. 'खाली' म्हणून जमिनीकडे बोट केलं, 'तू, तुझा बाप'. 'वर' म्हणून आढ्याकडे बोट केलं, 'मी'. आता पुढचं सांगायचं होतं. साखळी सांगायची होती, पोटुशी बाई सांगायची होती, 'येऊ नको' म्हणून ओरडणारा बाप सांगायचा होता. तिचे हात हवेत तसेच राहिले. मंदा त्या हातांकडे पाहत होती.

बेबाबाईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जहाज. खाली, तू. वर, मी. यापुढे हात जाईनात.

मंदाने मान डोलावली. काय समजून डोलावली, ते बेबाबाईला कळलं नाही. मग मंदा उठली, पोराची चादर नीट केली आणि विहिरीवर कपडे घेऊन गेली. बेबाबाई नातवाजवळ बसून राहिली. तो पाणी मागत होता, ते तिने दिलं.